खांब खचला नव्हता

बंदरावर तिला सगळे पट्टीबाई म्हणत. जुन्या धक्क्याच्या टोकाला, शेवटच्या खांबाला लाल-पांढऱ्या खुणांची एक उंच पट्टी ठोकलेली होती, ती खाली पाण्यात उतरत गेलेली. आणि पट्टीच्या डोक्यावर, धक्क्यावर, पानाच्या टपरीएवढी एक खोली. खोलीच्या जमिनीतून एक जाड नळ थेट पाण्यात गेला होता. नळात तरंगणारा गोळा, गोळ्याला तार, तारेच्या दुसऱ्या टोकाला पेन. समुद्र चढला की पेन चढे, उतरला की उतरे, आणि संथ फिरणाऱ्या कागदावर दिवसाच्या दोन भरत्या नि दोन ओहोट्या उमटत जात. रोज सकाळी पट्टीवरचा आकडा डोळ्यांनी वाचायचा, पेनाच्या आकड्याशी ताडून बघायचा, महिन्याची सरासरी काढून कार्यालयात द्यायची, हे तिचं काम. अठ्ठावीस वर्षांत तिने आजारपणाचे चौदा दिवस सोडले तर एकही सकाळ चुकवली नव्हती. लग्नाचं राहून गेलं, त्याची खंत करायलाही तिला फारशी सवड मिळाली नाही.

कामाचा तिला अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे. तिचे वडील बंदरातले पायलट. म्हणजे बाहेरून आलेल्या मोठ्या जहाजावर चढून ते गाळाच्या पट्ट्यांमधून सुखरूप आत आणणारे. ते घरी पाहुण्यांना सांगत, "मी जहाजं बघतो, पण ही माझी थोरली समुद्राची नाडी बघते." पाहुणे हसत. ती मात्र हे वाक्य मनात जपून ठेवी.

अकरा वर्षांपूर्वी त्या नाडीत काहीतरी बिनसलं. महिन्याची सरासरी वर सरकू लागली. पहिल्या वर्षी चार सेंटिमीटर, दुसऱ्या वर्षाअखेर नऊ. तिच्या आधीच्या माणसांच्या पन्नास वर्षांच्या वह्या कपाटात होत्या. त्यांत समुद्र इतका वर यायला दोन पिढ्या लागल्या होत्या. दोन वर्षांत नऊ सेंटिमीटर हे तिच्या बुद्धीला पटेना. तिने नळ साफ केला, तार बदलली, गोळ्याला भोक पडलंय का तपासलं. सगळं जागच्या जागी.

मग तिला आठवलं की त्याच सुमाराला धक्क्याजवळचा गाळ यंत्राने खोल उपसला होता. तळाचा आधार गेला की खांब खचतो. खांब खचला की त्यावरची पट्टीही खाली जाते, आणि पट्टी खाली गेली की पाणी आपोआप वर दिसतं. हे मात्र तिला लगेच पटलं. खात्री करायची तर खांबाची उंची किनाऱ्यावरच्या खडकात बसवलेल्या पितळी खुणेशी ताडून बघायला हवी होती. ते काम करणारा मोजणीदार नुकताच निवृत्त झाला होता आणि त्याची जागा रिकामी होती. तिने कार्यालयाला तीन पत्रं लिहिली. तिसऱ्याला उत्तर आलं की तूर्त तुम्हाला योग्य वाटेल ती दुरुस्ती करावी.

तिने केली. त्या महिन्यापासून प्रत्येक आकड्यातून ती नऊ वजा करू लागली, आणि मागच्या दोन वर्षांचे आकडेही त्याच हिशेबाने सरळ केले. तिच्या स्वतःच्या वहीत तिने कारण लिहून ठेवलं: खांब खचल्यामुळे. 'बहुधा' हा शब्द आधी लिहिला होता, तो खोडला. आलेख पुन्हा पूर्वीसारखा शांत झाला. त्याकडे बघून तिला बरं वाटलं, हे तिने पुढे स्वतःच सांगितलं. यंत्रावरचा तिचा विश्वास उडाला, पण समुद्रावरचा उडाला नाही.

जुन्या धक्क्यामागे, मीठगोदामांच्या पलीकडे, खालची आळी होती. आळी बशीसारखी खोलगट. तिथे त्यांचं घर होतं. वर दोन खोल्या, खाली धाकट्या भावाचा पुस्तकबांधणीचा कारखाना. कारखाना म्हणजे तो, एक कातरयंत्र, दोन दाबयंत्रं आणि छतापर्यंत रचलेला कागद. ती स्वतः वरच्या गावात बंदराच्या वसाहतीत राहायची; बाबा भावाकडे होते. बाबांचे पाय गेल्यावर त्यांना वरच्या खोलीत ठेवावं लागलं, कारण मोठ्या भरतीला आळीत अधूनमधून घोट्याइतकं पाणी येई. जिना इतका अरुंद नि वळणाचा की एकदा वर गेलेले बाबा दोन वर्षं खाली उतरले नाहीत. वरच्या खिडकीतून समोरच्या गोदामाची भिंत दिसे. आयुष्यभर क्षितिज बघितलेला माणूस विटा मोजत बसला होता.

सहा वर्षांपूर्वी नगरपालिकेने आळीच्या तोंडाशी समुद्राला भिंत घातली. भिंतीचा इंजिनिअर नेमस्त माणूस होता. त्याने पट्टीबाईंकडून सगळ्या नोंदी मागवून घेतल्या, आजवरची सगळ्यांत मोठी भरती काढली, आणि तिच्या वर तीस सेंटिमीटर ठेवून भिंत बांधली. भिंत पुरी झाली त्या आठवड्यात धाकटा तिच्या खोलीवर आला. म्हणाला, "ताई, बाबांना खाली आणू का? रस्त्याच्या बाजूची खोली मोकळी करतो. येणारेजाणारे दिसतील, चार माणसं बोलतील. पण तू सांग. भिंत पुरेल ना?"

"पुरेल," ती म्हणाली. "आकडे माझेच आहेत."

बाबा खाली आले. खाट खिडकीला लावली. आळीतला प्रत्येक माणूस जाताना दोन शब्द बोलून जाई, आणि बाबा प्रत्येकाच्या चालण्यावरून त्याला जहाज ठरवत: हा मालवाहू, ही गलबत, हा नुसताच भोंगा. त्यांची तब्येत सुधारली. धाकट्याने दोनदा तरी ताईला बोलून दाखवलं की तू म्हणालीस म्हणून हे झालं.

या गोष्टीला सहा वर्षं झाल्यावर, उन्हाळा सरता सरता, समुद्राचा अभ्यास करणारी एक बाई बंदरावर आली. वयाने पट्टीबाईंहून पंधरा वर्षांनी तरी लहान, केस आखूड, खांद्याला पाण्यात भिजून पांढरी पडलेली पिशवी. बंदराच्या साहेबांनी तिला सरळ धक्क्याच्या टोकाला पाठवून दिलं. ती खोलीत आली, नळात डोकावली, यंत्राची विचारपूस केली आणि मग अगदी सौम्यपणे म्हणाली की तिला एक कोडं पडलंय. वरच्या किनाऱ्यावरची दोन बंदरं आणि खालची तीन, सगळीकडे अकरा वर्षांपूर्वी पाणी एकदम चढलेलं दिसतं. उपग्रहाच्या नोंदीतही दिसतं. मधल्या या एकाच बंदरात दिसत नाही.

पट्टीबाईंनी अभिमानानेच सांगितलं की इथेही दिसलं होतं, पण खांब खचला होता, म्हणून दुरुस्ती केली.

"किती खचला होता?"

"नऊ."

"मोजला होता?"

पट्टीबाईंनी चहा विचारला. त्या बाईनेही पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ती तिपायी आणि मोजणीची दुर्बीण घेऊन आली, आणि दोघींनी मिळून खडकातल्या पितळी खुणेपासून धक्क्याच्या शेवटच्या खांबापर्यंत मोजणी केली. एकीने दुर्बिणीतून बघायचं, दुसरीने उभी पट्टी धरायची, मग तिपायी उचलून पुढे. जाताना एकदा, येताना एकदा. सकाळी सुरू केलेलं काम दुपारी संपलं. अभ्यासक बाईने बेरीज केली, पुन्हा केली, आणि वही पट्टीबाईंच्या पुढे सरकवली. खांब जुन्या नोंदीत होता तिथेच होता. दोन मिलिमीटरचा फरक, तोही मोजणाऱ्याच्या हाताचा असू शकेल एवढा.

पट्टीबाईंनी बेरीज तिसऱ्यांदा केली. मग त्या खोलीच्या दारात गेल्या. खाली पाणी खांबाला लागून शांत हलत होतं.

"मग ते नऊ आले कुठून?" त्यांनी विचारलं.

अभ्यासक बाईने कोपऱ्यातली बादली ओढली आणि त्यातलं पाणी काठीने गरागरा ढवळलं. मधोमध खळगा पडला, कडेला पाणी चढलं. "हे अगदी तंतोतंत नाही, पण कळायला पुरे," ती म्हणाली. किनाऱ्यापासून दूर, भर समुद्रात एक मोठा उबदार प्रवाह वाहतो. तो जोरात असतो तोवर पाण्याचा पृष्ठभाग तिरका राहतो. पलीकडे उंच, किनाऱ्याच्या बाजूला सखल. आपण सगळे त्या खळग्याच्या बाजूला राहतो आणि तिथल्या पाण्यालाच समुद्राची पातळी समजतो. तिने काठी बाहेर काढली. पाणी मंदावलं आणि खळगा हळूहळू भरून आला. प्रवाह मंदावला की तिरकेपणा कमी होतो, आणि किनाऱ्याचं पाणी वर येतं. त्याला ना वादळ लागतं ना वारा. शिवाय समुद्र तापतोय, तापलेलं पाणी फुगतं, जास्त जागा मागतं. ती वाढ सावकाश, पण माघार न घेणारी. अकरा वर्षांपूर्वी प्रवाह दोन वर्षांत एकदम सुस्तावला, आणि पूर्वीच्या जोरावर परत आलाच नाही. त्यानंतर इथेही आणखी पाच सेंटिमीटर चढलेत. "आणि या महिन्यात," ती म्हणाली, "जहाजांनी मोजलंय, प्रवाह आजवर कधी नव्हता इतका ढिला आहे. पुढचे काही आठवडे किनाऱ्यावर पंधरा-वीस सेंटिमीटर जास्तीच धरा."

पट्टीबाईंना बेरजा शिकवाव्या लागत नव्हत्या. नऊ नि पाच चौदा, वर अठरा धरले तर बत्तीस. भिंतीला ठेवलेले होते तीस. वर्षातली सगळ्यांत मोठी भरती नऊ दिवसांवर होती.

त्या संध्याकाळी त्या साहेबांना भेटल्या. साहेबांनी ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला नाही, आवाजही चढवला नाही. त्यांनी लेखी द्यायला सांगितलं. अभ्यासक बाईचा अहवाल आला की तो आणि हे पत्र एकत्र नगरपालिकेकडे पाठवू म्हणाले. अहवालाला तीन आठवडे लागणार होते. पट्टीबाईंनी पत्र लिहिलं. 'खांबाच्या उंचीबाबत पूर्वी केलेल्या दुरुस्तीचा फेरविचार करणे आवश्यक वाटते,' असं त्यात होतं. 'मी चुकले' असं नव्हतं. भरतीच्या तारखेचा उल्लेख दुसऱ्या पानावर होता. असलं पत्र कोणाची झोप उडवत नाही.

अभ्यासक बाईने मात्र जाण्याआधी स्वतः नगरपालिकेत फोन लावला. तिकडे कोणीतरी नोंद करून घेतली. मग तिने पट्टीबाईंना विचारलं की खालच्या आळीत ओळखीचं कोणी आहे का. पट्टीबाई म्हणाल्या, आहे.

भावाकडे त्या चौथ्या दिवशी गेल्या. आधीचे तीन दिवस रोज निघायचं ठरवत होत्या आणि रोज काहीतरी आडवं येत होतं. खरं सांगायचं तर त्याच आडव्या येत होत्या. धाकटा दाबयंत्राशी होता, हाताला खळ. त्यांनी सहज सांगावं तसं सांगितलं की या आठवड्यात भरती जरा मोठी आहे, चार-पाच दिवस बाबांना वर नेलेलं बरं.

"भिंत आहे की."

"आहे. पण सावधगिरी म्हणून."

धाकट्याने हात पुसले आणि त्यांच्याकडे नीट बघितलं. "ताई, काही झालंय का?"

सांगायची वेळ ती होती. वाक्य त्यांच्या तोंडाशी आलंही होतं. आतल्या खोलीतून बाबांचं हसणं ऐकू आलं, खिडकीशी कोणीतरी थांबलं होतं. "काही नाही रे," त्या म्हणाल्या. "नेहमीचंच."

बाबांना विचारलं तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. म्हणाले, "चाळीस वर्षं मी लोकांना बंदरात आत घेतलं. आता आत आलोय तर मला पुन्हा बाहेर काढू नका. त्या जिन्यावरून वर गेलो की खाली थेट खांद्यावरूनच येईन." धाकटा हसला. भिंत बांधल्यापासून सहा वर्षांत आळीत थेंब आला नव्हता, आणि ज्या बहिणीने भिंत पुरेल म्हणून सांगितलं होतं तीच आता नुसतं सावधगिरी म्हणत होती. त्याने बाबांना जास्त गळ घातली नाही. तिनेही घातली नाही.

भरतीचा दिवस लख्ख उजाडला. वारा नव्हता. धक्क्यावरची झेंड्याची दोरीही खांबाला चिकटून होती. भरती पावणेअकराला पुरी व्हायची होती. साडेनऊलाच पेन कागदावरच्या सगळ्यांत वरच्या जुन्या रेघेला टेकलं आणि थांबलं नाही. पट्टीबाईंनी पट्टी डोळ्यांनी वाचली. आकडा तोच होता. यंत्र आज एका केसाचीही चूक करत नव्हतं.

त्यांनी धाकट्याला फोन लावला. तो सकाळीच बांधलेले प्रबंध पोचवायला वरच्या गावातल्या कॉलेजात गेला होता, फोन पिशवीत. चार वेळा वाजून बंद झाला. मग अग्निशमन दलाला लावला. पलीकडच्या माणसाने विचारलं, पाऊस आहे का तिकडे? त्या नाही म्हणाल्या. वादळ? नाही. मग पाणी कसलं? त्यांनी पत्ता दोनदा सांगितला, फोन ठेवला आणि पळत सुटल्या. पंचावन्न वर्षांची बाई, पायात कामाचे रबरी बूट, जुन्या धक्क्याची पाऊण किलोमीटर लांबी. वाटेत जाळी सांधणाऱ्या दोघांनी विचारलं, पट्टीबाई, काय झालं? त्यांना उत्तर देण्याइतका श्वास नव्हता. हाताने आळीकडे दाखवलं. ते दोघेही उठून मागे पळाले.

भिंतीशी पोचल्या तेव्हा समुद्र काठाला टेकला होता. लाट नव्हती, आवाज नव्हता. त्यांच्या डोळ्यांदेखत पाण्याची पातळ चादर भिंतीच्या माथ्यावरून सरकली आणि आतल्या बाजूने खाली उतरू लागली, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळीकडे एकदम. जेमतेम दोन बोटं जाडीची. लहान मुलालाही तिची भीती वाटली नसती. पण भिंत दोनशे मीटर लांब होती आणि आळी बशीसारखी. गटारांची तोंडं आधीच उलटी वाहत होती. पाणी बाहेर जाऊ द्यायला ठेवलेल्या वाटांनीच ते आत येत होतं.

आळीत ओरडाआरडा सुरू झाला होता. कोणी मुलांना वर पाठवत होतं, कोणी उंबऱ्याशी पोती टाकत होतं. पट्टीबाई घराशी पोचल्या तेव्हा पाणी मांडीला लागत होतं. दार आतून ढकललं जात होतं. कागदाचे गठ्ठे कोसळून दारामागे अडकले होते. जाळीवाल्या दोघांनी खांदे लावले तेव्हा कुठे ते हातभर उघडलं. आत पुस्तकांची पुठ्ठ्याची कव्हरं तरंगत होती, खळीचा डबा उलटून पाणी पांढुरकं झालं होतं. बाबा खाटेवर बसले होते, छातीपर्यंत भिजलेले, एक हात खिडकीच्या गजात अडकवलेला. पाणी गादीच्या वर आलं होतं. एकदा ते घसरून खाली गेले होते आणि कसेबसे वर आले होते, हे नंतर कळलं. त्यांचे ओठ निळे पडले होते. पण नजर खिडकीबाहेर होती, आणि कपाळाला आठी. पायलट असताना धुक्यात पडायची तशी.

"वाऱ्याचं नाव नाही," ते म्हणाले. "मग हे आलं कुठून?"

तिघांनी मिळून त्यांना उचललं आणि त्या अरुंद जिन्यावरून वर नेलं.

पाणी तासाभराने उतरलं. आळीत बेचाळीस घरं भिजली, दोन कुत्री बुडाली, माणूस कोणी दगावलं नाही. संध्याकाळच्या बातम्यांत तेवढं सांगितलं गेलं. ते तेव्हा खरंही होतं.

बाबांच्या फुप्फुसात गटाराचं पाणी गेलं होतं. तिसऱ्या दिवशी ताप चढला, पाचव्या दिवशी श्वासाला नळी लागली, सातव्या दिवशी थोडा वेळ ती काढली तेव्हा त्यांना बोलता येत होतं. धाकटा औषधं आणायला खाली गेला होता. बाबांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी तिने सगळं सांगितलं. दूरचा प्रवाह, त्याचं सुस्तावणं, तापून फुगलेलं पाणी, बादलीतला खळगा. बाबांनी डोळे मिटून ऐकलं. मधे एकदा मान हलवली. पायलट होण्याआधी, ऐन जवानीत, त्या प्रवाहातून त्यांनी जहाजं नेली होती. मग तिने खांबाचं सांगितलं आणि नऊ सेंटिमीटरचं सांगितलं.

बाबांनी डोळे उघडले. "खांब मोजला नव्हतास?"

"नाही."

"मोजायला हवा होता," ते म्हणाले.

तिला वाटलं, यापुढे ते काहीतरी म्हणतील. पोरी, जाऊ दे, असं काही. ते तसं काही म्हणाले नाहीत. खोट्या आकड्यावर जहाज आत घेणाऱ्यांपैकी ते नव्हते. त्यांनी फक्त विचारलं, "धाकट्याला सांगितलंस?"

"अजून नाही."

"सांग. पण माझ्यासमोर नको."

तिने त्याला दवाखान्याच्या व्हरांड्यात गाठलं, औषधांची पिशवी त्याच्या हातातच होती. सांगायला दोन मिनिटं लागली. अकरा वर्षं न बोललेली गोष्ट, आणि दोन मिनिटांत संपली. पत्र कसं लिहिलं हे सांगितलं, तीन दिवस का आली नाही हेही सांगितलं. तो भिंतीला टेकून ऐकत होता. मधून कोणाची तरी चाकाची खुर्ची गेली, त्याने पाय आवरून वाट दिली.

"मी तुला विचारलं होतं," तो म्हणाला. "दोनदा विचारलं होतं. भिंतीच्या वेळी विचारलं, ते राहू दे, तेव्हा तुलाच माहीत नव्हतं. पण त्या दिवशी कारखान्यात विचारलं, काही झालंय का. तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"तू नुसतं खरं सांगितलं असतंस तर मी त्यांना बांधून वर नेलं असतं, ताई."

तो आत गेला. बाबा नवव्या दिवशी पहाटे गेले, दोघंही खोलीत होती.

महिनाभराने नगरपालिकेच्या सभागृहात चौकशी झाली. साहेबांनी त्याआधी तिला बोलावून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. तिची निवृत्ती तीन वर्षांवर आली होती हे त्यांच्या लक्षात होतं. यंत्रात दोष निर्माण झाल्यामुळे, असं वाक्य त्यांनी तयार करून ठेवलं होतं. कोणाचं काही बिघडणार नव्हतं. यंत्र काही तक्रार करणार नव्हतं.

सभागृह भरलं होतं. खालच्या आळीतली माणसं मागे उभी होती, अजून कपड्यांना ओलसर वास असलेली. भिंतीचा इंजिनिअर पहिल्या रांगेत मान खाली घालून बसला होता. त्याला लोकांनी रस्त्यात अडवून शिव्या घातल्या होत्या. पट्टीबाईंचं नाव पुकारलं तेव्हा त्या उठल्या. "यंत्र बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं बरोबर होतं. मला ते खरं वाटलं नाही म्हणून मी त्यातून नऊ काढून टाकले. खांब मोजला नाही. या इंजिनिअर साहेबांनी माझ्या आकड्यांवर भिंत बांधली, त्यांचा दोष नाही. भरतीच्या नऊ दिवस आधी मला कळलं होतं. मी पत्र दिलं, पण ते कोणाला कळेल असं दिलं नाही."

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर त्यांना सोपं गेलं असतं. मागून एका म्हातारीने नुसतं विचारलं की तुमचे वडीलही त्यातच गेले ना, आणि त्या हो म्हणाल्या. त्यानंतर अभ्यासक बाईने तासभर समुद्राविषयी सांगितलं. भिंत आणखी नऊ सेंटिमीटर उंच असती तर त्या दिवशी पाणी आत आलं नसतं, हे तिने मान्य केलं. मग म्हणाली की पुढच्या दहा-पंधरा वर्षांत त्या उंच भिंतीवरूनही आलंच असतं. हे वाक्य पट्टीबाईंच्या सांत्वनासाठी होतं की काय कोण जाणे. त्यांना त्यातून काही मिळालं नाही.

पाया जास्तीचं ओझं पेलणार नाही म्हणून भिंत वाढवता येत नव्हती. खालची आळी तीन वर्षांत रिकामी करायची असं ठरलं. पट्टीबाईंना नोंदींच्या कामावरून काढून कार्यालयात जावक टपालाला बसवलं. जाण्याआधी त्यांनी अकरा वर्षांचे सगळे आकडे हाताने पुन्हा लिहून काढले, जसे पेनाने लिहिले होते तसे, आणि प्रत्येक पानाखाली सही केली. त्याला दोन महिने लागले.

धाकट्याने तीन वर्षं वाट बघितली नाही. मिठाच्या पाण्याने कातरयंत्राचं पातं खाऊन टाकलं होतं, कागद तर सगळाच गेला होता. समुद्रापासून दीडशे किलोमीटर आत, एका गावात छापखान्यात त्याला काम मिळालं. निघायच्या आदल्या दिवशी ती मदतीला गेली. त्याने बोलावलं नव्हतं, पण परतही पाठवलं नाही. दिवसभर दोघं मिळून सामान बांधत होती. ही दोरी धर, तो खोका वर ठेव, एवढंच बोलणं. बाबांच्या खोलीत त्यांचा कोट होता, पायलटाचा, पितळी बटणांचा. धाकट्याने तो झटकला, घडी केला आणि स्वतःच्या खोक्यात ठेवला. तिने काही मागितलं नाही.

सकाळी ट्रक निघताना तो वर चढला, दार लावलं, काच खाली केली. "पोचलो की फोन करतो," म्हणाला.

त्याने तिसऱ्या दिवशी केला. वीजजोडणी, बाबांच्या पेन्शनचे कागद कुठल्या फाइलमध्ये आहेत, तिथलं पाणी जड आहे, असं चारेक मिनिटं बोलला. तिने पेन्शनची फाइल सांगितली. मग त्याने ठेवतो म्हणून फोन ठेवला.